शेळीचा गुडघा

"बाई, हिचा गुडघा कुटं असतो, दावा बरं,"
शिवलिंगअप्पा म्हणाले पहिल्याच मंगळवारी.
मी माणसांच्या हाडांची डॉक्टर,
लातूरहून सकाळच्या गाडीनं उदगीरला उतरलेली.
वाकून पुढच्या पायाला हात लावला.

अप्पा हसले नाहीत.
"ते मनगट हाय," म्हणाले.
"गुडघा मागं. पोटाला चिकटून. झाकलेला."

म्हणजे चाऱ्याशी तोंड नेताना शेळी
गुडघे टेकत नाही,
मनगटांवर उतरते.
इतक्या वर्षांच्या शिक्षणात हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

अठरा उस्मानाबादी. काळ्याभोर, लांबकान्या.
हाळीच्या बाजारातून आणलेल्या,
कानात पिवळा बिल्ला, बिल्ल्यावर आकडा.
समितीच्या कागदावर सगळ्या सह्या झाल्या
आणि मे महिन्यात, चौदा नंबरच्या उजव्या गुडघ्यातून
मी गादीची चंद्रकोर कापून काढली.
भूल नीट होती. टाके सुबक.
माणसाला जी झीज व्हायला वीस वर्षं लागतात
ती हिच्यात सहा महिन्यांत हवी होती,
म्हणजे औषध तिला अडवतं का, ते कळेल.
घाई आमची होती.

दर आठवड्याला लंगडण्याला गुण द्यायचे,
शून्य ते चार.
शून्य म्हणजे चाल साफ,
चार म्हणजे पाय टेकतच नाही.

ओपीडीत बायका किती बोलतात!
खाली बसवत नाही, डॉक्टरीणबाई.
जिना उतरताना आत वाळू वाजते.
कूस बदलली की कळ मांडीत जाते.
चौदा नंबर काहीच म्हणत नाही.
मी वही घेऊन शेडमध्ये शिरले की
सरळ चालत कडब्यापाशी जाते.
एक, लिहायचे मी. कधी कधी शून्य.

जुलैत अप्पा म्हणाले,
"तुमी बगताव तवा चालती नीट.
तुमी गेलाव की भिंतीला टेकून उभी ऱ्हाती,
मागचा पाय उचलून.
शेळीची जात, बाई.
लंगडी दिसंल तिलाच लांडगा धरतो.
तुमाला ती लांडगा समजायली."

त्या दुपारी शेडच्या मागं,
सुबाभळीच्या ढिगाआड
तासभर उकिडवी बसले.
पत्र्याच्या फटीतून दिसली ती.
पाय उचललेला, मान भिंतीकडं.
तीन, लिहिलं.
आधीच्या आठ आठवड्यांचे आकडे खोडले नाहीत.
शेजारी टीप टाकली:
पाहणारा दिसत होता.

नोव्हेंबरात ती संपली.
संपवली, असं लिहायला हवं.
मग हाड आम्लात, आठवड्यांमागून आठवडे,
सुरी लागेल इतकं मऊ होईपर्यंत.
मग काचेवर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप
आणि त्यावर लाल रंग.
कूर्चा शाबूत असेल तिथं लाल धरतो.
चौदा नंबरच्या काचेवर
लाल, फिका लाल, मग काहीच नाही,
मग एक भेग, सरळ हाडापर्यंत.
एप्रिलातल्या रानाची उपमा सुचली.
लिहिलं: श्रेणी तीन.

बंद पाकीट उघडलं शेवटी.
तिला सहा महिने नुसतं मिठाचं पाणी टोचलं होतं.
औषध मिळालेल्यांचा लाल
जरासा जास्त होता.
जरासाच. पण होता.

अप्पांना सांगायला गेले तर
चौदाच्या रिकाम्या जागेत बसून ते भुसकट चाळत होते.
"म्हंजी गुण आला?"
"थोडा."
"मग आमाला कवा?"
"दहा वर्षं लागतील, अप्पा. कदाचित पंधरा."

"बरं," म्हणाले.
चाळण बाजूला ठेवली,
दोन्ही मनगटं जमिनीला लावली
आणि आत कुठंतरी कट् वाजलं.

मी कानातले बिल्ले मोजत राहिले,
ते उभे होईपर्यंत
त्यांच्याकडं न बघता.